ईएसपी-32 चं स्टार्टर किट आणि आमची गच्चीवरची टाकी

मी 34 वर्षं ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका केमिकल कंपनीत इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक होतो. लेव्हल ट्रान्समीटर (टाकीतली पातळी मोजून कळवणारं यंत्र), ती पातळी तारेतून करंटच्या रूपात नेणारा 4 ते 20 मिलिअँपिअरचा लूप, खिशात टेस्टर आणि हातात मल्टिमीटर. सिग्नल म्हणजे तार, आणि तार म्हणजे ग्लँडमधून, म्हणजे पेटीच्या भोकातल्या आवळपट्टीतून, करकचून आवळलेली तार, एवढंच ठाऊक. रिटायर झाल्यावर वायरलेसच्या नादी लागलो तो सोसायटीच्या टाकीमुळे.

नेरूळला आमची सिडकोची चार मजली बिल्डिंग आहे. मोरबे धरणाचं पाणी खालच्या टाकीत येतं, तिथून पंपाने गच्चीवर चढवायचं. वॉचमन मामा पंप चालू करतात, मग कुणाची गाडी मागे घ्यायला हात दाखवतात, कुणाचं पार्सल सांभाळतात, आणि तोवर वरून धबधबा सुरू. दर वर्षीच्या मीटिंगला हाच विषय. सेक्रेटरीपद गळ्यात पडलं तेव्हा म्हटलं, आयुष्यभर दुसऱ्यांच्या टाक्यांची लेव्हल बघितली, आता स्वतःची बघू.

शेजारची मुलगी बारावीला आहे. ती म्हणाली, "काका, ईएसपी-32 घ्या." ही शांघायच्या एस्प्रेसिफ कंपनीची चिप, 2016 साली आलेली, म्हणजे प्रोग्रॅम चढवून सेन्सर-स्विच चालवणारा इवलासा कॉम्प्युटरच. दोन कोअर, 240 मेगाहर्ट्झपर्यंत वेग, 520 केबी रॅम, आणि वायफाय-ब्लूटूथ दोन्ही चिपमध्येच. आमच्या प्लँटमधल्या पहिल्या पीएलसीचं (यंत्रं चालवणाऱ्या कंट्रोलरचं) कपाट आठवलं आणि हा अंगठ्याएवढा मोड्यूल बघून जरा वाईटच वाटलं.

किट ऑनलाइन मागवलं, 1,890 रुपयांना. आत 30 पिनांचा बोर्ड, ब्रेडबोर्ड (सोल्डरशिवाय तारा खोचायची भोकांची पाटी), जंपर वायरी, तापमान-आर्द्रतेचा डीएचटी-11, आवाजाच्या लहरींनी अंतर मोजणारा अल्ट्रासॉनिक, हालचाल टिपणारा पीआयआर, एमक्यू-2 गॅस सेन्सर, रिले (सिग्नलवर चालणारा स्विच), इवलासा ओलेड डिस्प्ले, मूठभर एलईडी. माहितीचा कागद एकच, त्यावर फक्त क्यूआर कोड. खोका बघून आमची ही म्हणाली, "आता हे सगळं डायनिंग टेबलावर राहणार ना?" राहिलं, दोन महिने.

सामानाबद्दल स्पष्ट सांगतो. डीएचटी-11 तापमानात दोन अंश इकडेतिकडे दाखवतो, खेळायला ठीक. एमक्यू-2 मध्ये हीटर असतो, तो तापायला वेळ घेतो, आणि कॅलिब्रेशन केल्याशिवाय त्याच्या आकड्याला काही अर्थ नाही. सिलिंडरची राखण त्याच्यावर सोपवू नका, हे मी इन्स्ट्रुमेंटवाला म्हणून सांगतोय. बोर्ड मात्र खणखणीत आहे. फक्त तो ब्रेडबोर्डवर बसवला की एका बाजूला जेमतेम एक भोक उरतं. दोन ब्रेडबोर्ड शेजारी जोडून मध्ये बोर्ड बसवा, वैताग वाचेल.

पहिला दिवस केबलने खाल्ला. बोर्ड लॅपटॉपला लावला, लाल दिवा लागला, पण लॅपटॉपला पत्ताच नाही. ड्रायव्हर टाकला, काढला, परत टाकला. बोर्डवरची यूएसबीची चिप सीएच-340 आहे की सीपी-2102, हे भिंगातून वाचलं. संध्याकाळी शेजारची मुलगी तिच्या बाबांच्या जुन्या कॅमेऱ्याची केबल घेऊन आली आणि लॅपटॉप टुणकन बोलला. किटमधली केबल मी ब्लेडने सोलली. आत लाल आणि काळी, दोनच तारा. डेटाची हिरवी-पांढरी नाहीच! नुसती चार्जिंगची केबल डेव्हलपमेंट किटमध्ये घालणाऱ्या दुकानदाराला काय म्हणावं? तक्रार केली तर उत्तर आलं, "सर, लाइट तो आ रहा है ना?" म्हणजे लूपला 24 व्होल्ट दिसले की ट्रान्समीटर चांगला, असं म्हणण्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी प्रोग्रॅम चढवताना पडद्यावर ठिपके येत राहिले, शेवटी एरर. यावर उपाय सोपा आहे: ठिपके सुरू झाले की बोर्डवरचं बूट लिहिलेलं बटण दाबून धरायचं, चढायला लागला की सोडायचं. दर वेळी बोट दुखवायचं नसेल तर ईएन (रीसेटची पिन) आणि ग्राउंडमध्ये 10 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा. माझ्या बोर्डला तेवढ्याने गुण आला.

क्यूआर कोडमागचे नमुना प्रोग्रॅम जुने निघाले. बझर वाजवायचा प्रोग्रॅम 'एलईडीसी-सेटअप' हे फंक्शन (तयार आज्ञा) सापडत नाही म्हणून अडला. 2024 मध्ये अर्डुइनो या प्रोग्रॅम लिहायच्या सॉफ्टवेअरसाठीच्या ईएसपी-32 पॅकेजची तिसरी आवृत्ती आली, तिच्यात ते फंक्शन काढून 'एलईडीसी-अटॅच' आणलंय. शेजारच्या मुलीने पाच मिनिटांत शोधलं. मी त्याआधी दीड तास सेमिकोलन मोजत होतो.

पिनांचं मात्र नीट वाचूनच घ्या. 34 ते 39 या फक्त इनपुट. 6 ते 11 आतल्या फ्लॅश मेमरीच्या, तिकडे फिरकायचं नाही. आणि 12 नंबर! मी रिले 12 ला लावला. बोर्ड चालू असताना लावला तेव्हा सगळं झकास. लाइट जाऊन आली आणि बोर्ड उठेचना, रीसेट होत राहिला. सुरू होताना 12 ची पिन वर खेचलेली असेल तर चिप समजते की फ्लॅश 1.8 व्होल्टची आहे, आणि रिले मोड्यूल ती पिन वरच खेचून धरत होता. तार 26 वर नेली, भांडण मिटलं. हा प्रकार टेबलावर कळला म्हणून बरं, गच्चीवर रात्री कळला असता तर?

टाकीसाठी किटमधला दोन डोळ्यांचा अल्ट्रासॉनिक सेन्सर चालत नाही, वाफेने महिन्यात गंजेल. मी लॅमिंग्टन रोडला जाऊन वॉटरप्रूफ जेएसएन-एसआर-04टी सेन्सर आणि आणखी एक ईएसपी-32 बोर्ड, 420 रुपयांचा, घेऊन आलो. या सेन्सरला साधारण 25 सेंटिमीटरच्या आतलं दिसत नाही. आमच्या टाकीचा ओव्हरफ्लो पाइप झाकणापासून 30 सेंटिमीटर खाली आहे म्हणून निभावलं. त्याच्या एको पिनेवरचा सिग्नल 5 व्होल्टचा येतो आणि ईएसपी-32 ची सहनशक्ती 3.3 ची, तेव्हा व्होल्टेज कमी करायला 1 के आणि 2 के रेझिस्टरचा डिव्हायडर घालायचाच.

दोन बोर्ड यासाठी की गच्चीवर कुणाचंच वायफाय धड पोचत नाही. एस्प्रेसिफचंच ईएसपी-नाऊ म्हणून आहे, त्यात राउटरशिवाय दोन बोर्ड थेट एकमेकांशी बोलतात. एका निरोपात निदान 250 बाइट तरी मावतात. मला पाठवायचा होता एक आकडा. टेबलावर पहिल्याच फटक्यात चाललं.

मग मी बोर्ड गच्चीवर नेला, आणि 34 वर्षांच्या सवयीने भक्कम लोखंडी जंक्शन बॉक्समध्ये बसवला. रबरी गॅस्केट, पितळी ग्लँड, चार बोल्ट. कंपनीतल्या इन्स्पेक्टरनेसुद्धा पाठ थोपटली असती. खाली वॉचमनच्या केबिनमध्ये दुसरा बोर्ड, निरोप आला की बझर वाजायचा. मामा खालून ओरडायचे, "साहेब, रेंज आली!" मी झाकण लावायचो. "गेली!" झाकण उघडलं, "आली!" बोल्ट बदलून पाहिले, अर्थिंग काढून पाहिलं. चौथ्या की पाचव्या 'गेली'ला शेजारची मुलगी क्लासहून आली, मान वर करून बघितलं आणि म्हणाली, "काका, फॅरेडे केज. आम्हाला फिजिक्सला आहे." बोर्डच्या टोकाला ती नागमोडी तांब्याची रेघ असते तीच अँटेना, आणि मी तिला लोखंडाच्या पेटीत घालून वर गॅस्केट लावत होतो. मामांना काय झालं ते कळलं नाही, पण माझ्या तोंडाकडे बघून ते हसले.

त्याच संध्याकाळी पीव्हीसीची पेटी आणली. तरी मधल्या स्लॅबमुळे निरोप गळायचे. पेटी उचलून केबिनच्या बाजूच्या कठड्याला लावली, अँटेनेचं टोक बाहेरच्या दिशेला. सेन्सरची अडीच मीटरची वायर तिथवर कशीबशी पुरली. तेव्हापासून निरोप चुकत नाही.

पॉवरचं एक राहिलं. जिन्याच्या टपावरच्या पॉइंटला जुना मोबाइल चार्जर आणि लांब बारीक वायर लावली होती. वायरलेस सुरू झालं की चिप दचकल्यासारखी करंट ओढते, व्होल्टेज बसतं आणि 'ब्राउनआउट' (व्होल्टेज कमी पडलं) लिहून रीसेट. एस्प्रेसिफ किमान 500 मिलिअँपिअरचा पुरवठा सांगते, तो खरोखर तेवढा असावा. वायर जाड आणि आखूड केली, बोर्डजवळ 470 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला.

आमच्या लाइनीतल्या लोकांसाठी एक: 4-20 चा ट्रान्समीटर याला जोडायचा असेल तर 250 ओहमचा रेझिस्टर विसरा, 120 चा लावा. 0.48 ते 2.4 व्होल्ट मिळतात, आणि याचा एडीसी (व्होल्टेजचा आकडा करणारा चिपमधला भाग) तेवढ्याच पट्ट्यात सरळ चालतो, टोकांना वाकडा जातो. तार 32 ते 39 मधल्या पिनेलाच. दुसऱ्या एडीसीच्या, म्हणजे एडीसी-2 च्या, पिना वायफाय चालू असताना कामाच्या नाहीत.

मी परत घेतलं तर किट घेणार नाही. सुटे दोन बोर्ड, डेटाची खात्रीची केबल, ब्रेडबोर्ड आणि लागेल तो एकच सेन्सर, हजार-बाराशेत भागतं. बोर्डला पाचपैकी साडेचार, किट म्हणून दोन. पंप मी याच्यावर सोडलेला नाही. रिले फक्त केबिनमधली घंटा वाजवतो, बंद करायला मामाच उठतात.

मध्ये चार दिवस टाकी सारखी भरलेलीच दिसत होती. वर जाऊन पाहिलं तर सेन्सरच्या तोंडासमोर कोळ्याने जाळं विणलं होतं. आता टाकी धुवायला येणाऱ्या मुलांना सांगून ठेवलंय: झाकणाखालचं ते सेन्सरचं काळं बटण फडक्याने पुसायचं, ब्रशने खरवडायचं नाही.