हातात कसब आहे, पण व्हिसा कुठला? कारागिरांसाठी ऑस्ट्रेलिया आणि ब्रिटन

वेल्डर, वायरमन, प्लंबर, सुतार, सेंट्रिंगवाले. यांपैकी काहीही असाल आणि वय अजून ३१ झालं नसेल, तर मालकाचं पत्र हातात नसतानाही परदेशी जाऊन काम शोधता येईल असे दोन मोठे रस्ते भारतीय पासपोर्टला खुले आहेत. एक ऑस्ट्रेलियाचा वर्क अँड हॉलिडे व्हिसा, म्हणजे सबक्लास ४६२. दुसरा ब्रिटनची इंडिया यंग प्रोफेशनल्स स्कीम. ऑस्ट्रेलियात वर्षाला १,००० जागा, ब्रिटनमध्ये ३,०००. दोन्हीकडे म्हाडाच्या घरासारखी सोडत निघते. गुणवत्ता, अनुभव, शिफारस यांचा त्या सोडतीशी काही संबंध नसतो.

दोन्हींची तुलना लोक ताशी मजुरीवरून करतात. कारागिरासाठी तो हिशेब अपुरा आहे. खरा प्रश्न असा, की विमानातून उतरल्यावर स्वतःचं हत्यार कायदेशीरपणे हातात धरायला किती आठवडे लागतील, आणि तोवर व्हिसाचं किती आयुष्य उरलेलं असेल?

आधी चाळणी

ब्रिटनची अट साधी आणि कडक आहे: बॅचलर पदवी किंवा त्यावरचं शिक्षण. पदवी कुठल्या विषयाची, हे बघत नाहीत. पण नुसत्या आयटीआयवर किंवा पॉलिटेक्निकच्या डिप्लोमावर अर्ज टिकत नाही. डिप्लोमानंतर थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेऊन बी.ई. केलेले, किंवा आयटीआय करून नोकरी सांभाळत मुक्त विद्यापीठातून बी.ए., बी.कॉम. झालेले, अशांनी ही योजना आपल्यासाठी नाही असं समजू नये. बँकेत २,५३० पौंड सलग २८ दिवस दिसायला हवेत. व्हिसाची फी वेगळी, आणि खरा दणका आरोग्य अधिभाराचा: वर्षाला ७७६ प्रमाणे दोन वर्षांचे १,५५२ पौंड एकरकमी, अर्जासोबतच. टीबीची तपासणी मान्यताप्राप्त केंद्रातच करावी लागते. सोडतीत नाव घालायला मात्र पैसा लागत नाही. ती साधारण फेब्रुवारीत आणि जुलैत, जेमतेम ४८ तास उघडी असते. तुमच्यावर अवलंबून असलेली १८ वर्षांखालील मुलं असतील, तर हा रस्ता बंद.

ऑस्ट्रेलियाला पदवी लागत नाही, पण शालेय शिक्षणानंतरचं किमान दोन वर्षांचं शिक्षण लागतं. बारावीनंतर दोन वर्षं कॉलेज झालेलं असेल तर प्रश्न नाही. दहावीनंतरच्या आयटीआयच्या भरवशावर मात्र पैसे भरू नका. सोडतीच्या नोंदणीला २५ डॉलर, पासपोर्टसोबत पॅन कार्डही हवं. (या लेखात डॉलर म्हणजे ऑस्ट्रेलियन डॉलर.) पॅनवरचं नाव पासपोर्टवरच्या नावाशी अक्षर न् अक्षर जुळतं का, ते नोंदणीआधीच बघा, वडिलांचं नाव एका कागदावर पूर्ण आणि दुसऱ्यावर आद्याक्षर, हा आपल्याकडचा नेहमीचा घोळ. नाव निघालं की अर्जाला फक्त २८ दिवस मिळतात. फी सुमारे ६७० डॉलर, आणि खात्यात साधारण ५,००० डॉलर अधिक परतीच्या तिकिटाचे पैसे. इंग्रजीची अट हलकी आहे, आयईएलटीएसमध्ये सरासरी ४.५. पण मराठी माध्यमात शिकलेल्यांना परीक्षा बहुधा द्यावीच लागते आणि निकाल १२ महिन्यांच्या आतला हवा. सोडतीनंतर तारीख शोधायला गेलात तर ते २८ दिवस त्यातच संपतात, म्हणून परीक्षा आधी उरकून ठेवा.

घड्याळ कधी सुरू होतं, हाही फरक आहे. ऑस्ट्रेलियाचे १२ महिने तिथे पहिलं पाऊल टाकल्यापासून मोजतात. ब्रिटनचे २४ महिने व्हिसावरच्या सुरुवातीच्या तारखेपासून, मग तुम्ही गावी लग्नाला थांबलात तरी.

वायरमन आणि प्लंबर

इथे दोन देशांतला फरक सगळ्यात मोठा आहे.

ऑस्ट्रेलियात वायरिंगचं काम राज्य सरकारच्या लायसन्सशिवाय गुन्हा आहे, घरातला सॉकेट बदलण्यापर्यंत. भारतीय इलेक्ट्रिशियनला आधी कौशल्य-मूल्यमापन करून 'ऑफशोअर टेक्निकल स्किल्स रेकॉर्ड' मिळवावा लागतो, मग तात्पुरतं लायसन्स, मग साधारण वर्षभर देखरेखीखाली काम आणि जोडीला स्थानिक नियमांचं प्रशिक्षण. व्हिसाच मुळात वर्षाचा, त्यात एका मालकाकडे सर्वसाधारणपणे सहाच महिने. गणित बसत नाही. प्लंबिंगची गत तीच. मग मिळतं ते 'ट्रेड असिस्टंट'चं काम: केबल ओढणं, ट्रे बसवणं, पाइप उचलून देणं. रोजगार म्हणून वाईट नाही, पण दहा वर्षं पॅनल बांधलेल्या माणसाला हेल्पर म्हणून राबायची तयारी ठेवावी लागते.

ब्रिटनमध्ये इलेक्ट्रिशियनला सरकारी लायसन्स असं नाही. अडवतं ते कार्ड. साइटच्या फाटकावर इलेक्ट्रिशियनकडे ईसीएस कार्ड मागतात, इतरांकडे सीएससीएस; दोन्ही म्हणजे कौशल्य आणि सुरक्षेची माहिती असल्याचं ओळखपत्र. शिवाय बीएस ७६७१ या वायरिंग नियमावलीच्या १८व्या आवृत्तीचं प्रमाणपत्र बहुतेक कंत्राटदार मागतात. तो कोर्स काही दिवसांचाच आहे. इंग्लंडमध्ये घरातलं अधिसूचित काम, उदाहरणार्थ नवीन सर्किट किंवा नवं डिस्ट्रिब्यूशन बोर्ड, नोंदणीकृत माणसाच्या सहीने किंवा बांधकाम नियंत्रण विभागाला कळवून करावं लागतं. सुरुवात इलेक्ट्रिशियनचा मेट, म्हणजे मदतनीस, म्हणूनच होते, पण २४ महिने आणि एकाच मालकाकडे राहायची मुभा असल्याने वर चढायला वेळ असतो. तांत्रिक धक्का एकच मोठा: तिकडे सॉकेटचं सर्किट बहुतेक वेळा ३२ अँपिअरच्या रिंगचं असतं, बोर्डातून निघून परत बोर्डातच येणारं. आपल्याकडे ते शिकवत नाहीत. जाण्याआधी कागदावर समजून घ्या. प्लंबरला पाण्याची आणि हीटिंगची कामं करता येतात, पण गॅसच्या लाइनला किंवा बॉयलरच्या गॅसच्या भागाला गॅस सेफ (गॅसची कामं करणाऱ्यांची अधिकृत नोंदवही) नोंदणीशिवाय हात लावायचा नाही. यात पळवाट नाही.

म्हणून वायरमन आणि प्लंबरने, पदवी असेल तर, आधी ब्रिटनच्या सोडतीत नाव घालावं.

वेल्डर, सेंट्रिंग, लोखंडवाले

यांच्यासाठी पारडं ऑस्ट्रेलियाकडे झुकतं. वेल्डरला दोन्हीकडे सरकारी लायसन्स नाही. कागद बघण्याआधी कूपन जाळायला, म्हणजे चाचणीचा तुकडा वेल्ड करून दाखवायला सांगतात आणि त्यावरच निकाल लागतो. चाकण, भोसरी किंवा तळोज्यात एएसएमई सेक्शन नाइन या वेल्डर-चाचणीच्या मानकाप्रमाणे ३जी (उभी प्लेट) किंवा ६जी (तिरका पाइप) पोझिशन पास झालेला माणूस ही चाचणी देऊ शकतो. तिकडची मानकं वेगळी, ऑस्ट्रेलियात एएस/एनझेडएस १५५४, ब्रिटनमध्ये आयएसओ ९६०६, पण हात तोच लागतो. फ्लक्स-कोअरची, म्हणजे आत फ्लक्स भरलेल्या तारेच्या वेल्डिंगची सवय नसेल तर जाण्याआधी करा. स्टिक आणि टिगवर पक्का असलेला वेल्डर तिथे अनेकदा फ्लक्स-कोअरच्या तारेवर नापास होतो, कारण व्होल्टेज आणि तारेचा वेग जुळवण्यातच वेळ जातो.

सेंट्रिंगच्या कामाला तिकडे फॉर्मवर्क म्हणतात, लोखंड बांधणाऱ्याला स्टील फिक्सर. नोकर म्हणून काम करायला व्हाइट कार्ड पुरतं. हे कार्ड म्हणजे बांधकाम-सुरक्षेचं एका दिवसाचं प्रशिक्षण. ऑस्ट्रेलियातल्या नोंदणीकृत संस्थेकडूनच काढायचं. ते देशभर चालतं, पण सलग दोन वर्षं बांधकामावर गेला नाहीत तर बाद होतं. पुढे पैसे वाढवायचे तर फोर्कलिफ्ट, डॉगिंग (क्रेनला भार बांधून इशारे देणं) किंवा स्कॅफोल्डिंगचं हाय रिस्क लायसन्स घ्या. हातात दोन कार्डं असलेल्या माणसाला लेबर-हायर, म्हणजे कामगार पुरवणाऱ्या कंपन्या आधी फोन करतात.

सुताराने शब्दाच्या जाळ्यात अडकू नये. आपला सुतार प्लायवूड, सनमायका, फर्निचर करतो. ऑस्ट्रेलियात 'कार्पेंटर' म्हणजे नेलगनने लाकडी घराचा सांगाडा उभारणारा. तुमचं काम तिकडच्या 'कॅबिनेटमेकर'चं आहे. अर्जात तोच शब्द वापरा, नाहीतर पहिल्याच दिवशी छपरावर चढवतील. किचन ओट्याचं दगडकाम करणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं: सिलिकाच्या धुळीमुळे ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून इंजिनिअर्ड स्टोनवर बंदी घातली आहे. फुप्फुसं जपणारा हा निर्णय योग्यच आहे, पण त्यावर विसंबून निघालेल्याचं काम मात्र गेलं.

ब्रिटनमध्ये याच कारागिरांना सुरुवातीला हिरवं लेबरर कार्ड काढावं लागतं: लेव्हल १ सुरक्षा-प्रमाणपत्र आणि टचस्क्रीनवरची चाचणी. कुशल कारागिराचं निळं कार्ड एनव्हीक्यू (प्रत्यक्ष काम तपासून दिलं जाणारं ब्रिटनचं कौशल्य-प्रमाणपत्र) लेव्हल २ शिवाय मिळत नाही. अनुभवी माणसाने एनव्हीक्यूला नाव नोंदवून मधल्या काळापुरतं लाल 'एक्सपीरियन्स्ड वर्कर' कार्ड काढावं. बरेच जण हे न कळल्याने दोन वर्षं हिरव्या कार्डावर झाडलोट करत काढतात.

सहा महिन्यांची अट आणि दुसरं वर्ष

ऑस्ट्रेलियात एका मालकाकडे परवानगीशिवाय सहा महिन्यांपेक्षा जास्त काम करता येत नाही. मात्र एकाच मालकाच्या वेगवेगळ्या ठिकाणच्या कामांना प्रत्येकी सहा महिने मिळतात आणि उत्तर ऑस्ट्रेलियातल्या बांधकामाला सवलत आहे. वेल्डरला ही अट फारशी जाचत नाही, कारण रिफायनरी आणि खाणींची शटडाउनची (दुरुस्तीसाठी काम बंद ठेवतात तेव्हाची) कामं मुळातच दोन-चार आठवड्यांची असतात.

दुसऱ्या वर्षाचा व्हिसा हवा असेल तर ठरावीक भागात तीन महिन्यांचं ठरावीक काम दाखवावं लागतं, आणि त्याला पुन्हा सोडत नाही. बांधकाम त्या यादीत आहे. खाणकाम ४१७ या, दुसऱ्या काही देशांच्या मुलांना मिळणाऱ्या अशाच व्हिसाच्या यादीत आहे, ४६२च्या नाही, आणि भारतीयांना मिळतो तो ४६२. इतर देशांच्या मुलांचं ऐकून खाणीवर तीन महिने घालवले तर पैसे मिळतील, दिवस मोजले जाणार नाहीत. काम सुरू करण्याआधी त्या जागेचा पोस्टकोड सरकारी यादीत तपासा आणि प्रत्येक पगाराची पावती जपा.

ब्रिटनचा व्हिसा वाढत नाही आणि पुन्हा मिळतही नाही. दोन वर्षं म्हणजे दोनच.

हातात किती पडतं

ऑस्ट्रेलियात १ जुलै २०२५ ला किमान वेतन ताशी २४.९५ डॉलर झालं. कॅज्युअल, म्हणजे पगारी रजा नसलेल्या, लागेल तसं बोलावलेल्या कामगाराला त्यावर २५ टक्के, म्हणजे ३१ डॉलरच्या वर. ३८ तासांचे आठवड्याला सुमारे १,१८५. मालक वर्किंग हॉलिडे कामगारांसाठी नोंदलेला असेल तर ४५,००० डॉलरपर्यंत सरसकट १५ टक्के कर कापतो, तेव्हा हातात साधारण १,००७. टीएफएन, म्हणजे तिथला कर-क्रमांक दिला नाही तर ४५ टक्के जातात. तो क्रमांक फुकट मिळतो, पोहोचल्या आठवड्यात काढा. याशिवाय मालक १२ टक्के सुपर (आपल्या पीएफसारखा निवृत्तीचा निधी) भरतो, पण देश सोडताना ते काढलं की या व्हिसावाल्यांचा त्यातला ६५ टक्के कर जातो. शंभरातले जेमतेम पस्तीस हाती येतात, म्हणून सुपर बचतीत धरू नका.

ब्रिटनमध्ये एप्रिल २०२६ पासून २१ वर्षांवरच्यांना ताशी १२.७१ पौंड. ४० तासांचे सुमारे ५०८. कर आणि नॅशनल इन्शुरन्स (सरकारी विम्याची वर्गणी) जाऊन ४३० च्या आसपास. पण बांधकामात पुष्कळ कारागीर स्वतंत्र कंत्राटी म्हणून सीआयएस पद्धतीने, म्हणजे कंत्राटदार आधीच कर कापून पैसे देतो अशा रीतीने काम करतात. नोंदणी केली असेल तर २० टक्के कापतात, नसेल तर ३०. वर्षाला १२,५७० पौंडांपर्यंत आयकर नसल्याने विवरणपत्र भरल्यावर यातला बराच भाग परत मिळतो, म्हणून विवरणपत्र चुकवू नका. या व्हिसावर स्वतंत्र काम चालतं, अटी तीन: राहत्या घराखेरीज धंद्याची जागा स्वतःच्या मालकीची नको, सामान ५,००० पौंडांहून जास्त किमतीचं नको, हाताखाली नोकर ठेवायचे नाहीत. एजन्सी 'अंब्रेला कंपनी'मार्फत (कागदोपत्री तुमची मालक होऊन पगार काढणारी मधली कंपनी) पैसे देणार असेल तर सांगितलेला दर नव्हे, हातात पडणारी रक्कम लेखी मागा. मालकाच्या वाट्याचा विमाही त्याच दरातून वजा होतो.

बॅग भरताना

पॉवर टूल नेऊ नका. ब्रिटनच्या साइटवर पिवळ्या ट्रान्सफॉर्मरवरची ११० व्होल्टची किंवा बॅटरीची हत्यारं चालतात; २३० व्होल्टचं ग्राइंडर फाटकावरूनच परत पाठवतात. ऑस्ट्रेलियात प्रत्येक हत्याराला आणि केबलला तपासणीचा टॅग लागतो, बांधकामावर साधारण दर तीन महिन्यांनी. सेफ्टी बूट घ्याल तर आत ईएन आयएसओ २०३४५ छापलेलं बघा, ब्रिटनला ते चालतात. ऑस्ट्रेलियात तिथेच घ्यावेत. आरटीओतून आंतरराष्ट्रीय वाहन परवाना नक्की काढा. ऑस्ट्रेलियात साइट शहरापासून लांब असते आणि गाडी न येणाऱ्याचं नाव यादीतून खाली जातं.

सगळ्यात मोलाचा कागद म्हणजे जुन्या मालकाचं पत्र. 'प्रामाणिक व कष्टाळू' एवढं लिहिलेलं पत्र निरुपयोगी. लेटरहेडवर तारखा, आठवड्याचे तास, वेल्डिंगची प्रोसेस, प्लेटची जाडी, पोझिशन, कुठल्या मशीनवर काम केलं, आणि सही करणाऱ्याचा हुद्दा व फोन हवा. तिकडून फोन येतो, तेव्हा उचलणाऱ्याला आधी सांगून ठेवा.

आणि एजंट. सोडतीत नाव काढून देतो म्हणणारा खोटं बोलतो, कारण निवड संगणक करतो आणि नोंदणी पासपोर्टवर एकदाच होते. परदेशी नोकरीसाठी भरती करणाऱ्या एजंटकडे भारत सरकारची नोंदणी लागते, ती ई-मायग्रेट पोर्टलवर तपासता येते, आणि त्याला उमेदवाराकडून ३०,००० रुपये अधिक जीएसटी यापेक्षा जास्त घेता येत नाही. दोन-तीन लाख मागितले तर उठून या. त्याच पैशात आयईएलटीएस, ऑस्ट्रेलियाची व्हिसा फी, विमानाचं तिकीट आणि पोहोचल्यावरचं व्हाइट कार्ड, सगळं होतं.