होलाचा ॲल्युमिनियम पत्रा, एक फसलेला आणि एक टिकलेला

हा रिव्ह्यू बाल्कनीला लावलेल्या दोन होलाच्या, म्हणजे सगळीकडं भोकं पाडलेल्या ॲल्युमिनियम पत्र्यांचा आहे. एक फसला, एक टिकला, दोन्हीचे पैसे माझ्याच खिशातनं गेलेत त्यामुळं मोकळेपणानं लिहितो. आमचं कोल्हापुरात उद्यमनगरात छोटं वर्कशॉप आहे, दोन लेथ, एक ड्रिल, एक म्हातारा कॉम्प्रेसर, म्हणजे पत्रा बघितलाच नाही असला प्रकार नाही, तरीपण फसलो, कारण लोखंडी पत्र्याची अक्कल ॲल्युमिनियमला लावली.

घर रंकाळ्याच्या बाजूला आणि बाल्कनी नेमकी पश्चिमेला. एप्रिलमध्ये दुपारी तीननंतर तिथं उभं राहवत नाही आणि जून लागला की त्याच बाजूनं पाऊस आडवा हाणतो. बांबूचा पडदा सडला, शेडनेटच्या चिंध्या झाल्या, मग शिरोलीकडं जाताना एका नव्या बिल्डिंगच्या तोंडावर सगळा होलाचा पत्रा लावलेला दिसला आणि ते डोक्यात बसलं ते बसलंच. दुसऱ्या दिवशी एका दुकानात गेलो (नाव घेत नाही, चूक अर्धी माझीच होती), म्हटलं होल बारीक द्या, डास पण यायला नको. त्यानं 1 एमएम जाडीचा, 3 एमएम होलाचा पत्रा काढून दिला. आता 3 एमएमच्या होलातनं डास काय, डासाचा पाव्हणा पण आरामात येतो, पण त्या वेळी सुचलं नाही.

बिल वजनावर केलं. 8 बाय 4 फुटाचा 1 एमएमचा सलग पत्रा साधारण 8 किलो भरतो, होल पाडल्यावर तो साडेपाचच्या आसपास येतो, बिल मात्र 8 किलोचंच. घरी वजनकाट्यावर टाकला आणि डोकं फिरलं. नंतर धंद्यातल्या लोकांना विचारलं तर कळलं की असं चालतं, अख्खा पत्रा मशीनवर जातो, पडलेल्या टिकल्या भंगारात जातात, त्या कुणाच्या हे आधी बोलून घ्यायचं असतं. त्यामुळं किलोचा भाव सांगितला की पहिलं विचारा, वजन होल पाडायच्या आधीचं का नंतरचं. नाहीतर सरळ स्क्वेअर फुटाचा रेट मागा आणि त्यात जीएसटी धरलाय का तेही विचारा.

तो पत्रा एका पावसाळ्यात उतरवला. कारणं ऐका. एक, 1 एमएम त्या गाळ्याला (दोन आधारांमधल्या अंतराला) फारच पातळ, चार फुटात मधे आधार नाही, वारा आला की थर्रर्र करून वाजायचा. दोन, होल पाडल्यावर पत्र्यात ताण राहतो आणि तो वाकतो, रोलरमधनं काढून लेव्हल करावा लागतो, हा लेव्हल केलेलाच नव्हता, मधे पोट आलेलं. तीन, मिस्त्रीनं चारी बाजूनं स्क्रू गच्च आवळले. ॲल्युमिनियम लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं, आठ फुटाच्या पट्ट्यात 30 डिग्रीचा फरक पडला की दीड पावणेदोन एमएम वाढतं, त्याला सरकायला जागा नाही, मग दुपारी टक, संध्याकाळी टक. आई आठवडाभर पाल शोधत होती.

आणि चौथं सगळ्यात वाईट, साधे लोखंडी स्क्रू. पाऊस लागला की दोन वेगळे धातू आणि मधे पाणी, म्हणजे झाली बॅटरी, त्यात झिजतं ते ॲल्युमिनियम. गणपतीपर्यंत प्रत्येक स्क्रूभोवती पांढरी भुकटी आणि खाली तांबडे ओघळ. बोटानं दाबलं तर स्क्रूचं भोक सैल झालेलं. मिस्त्री म्हणतोय, "ॲल्युमिनियम गंजत नाही म्हणून तुम्हीच सांगितलं हुतं की." खरं आहे, मीच सांगितलं होतं.

दुसऱ्यांदा उद्यमनगरातच दुसरीकडं गेलो. हे दुकान म्हणजे पुढं टेबल आणि मागं अंधार, गाडी लावायला जागा नाही, फोन तीनदा केल्यावर एकदा उचलतात. पण आतल्या मामांनी रेट सांगायच्या आधी चार प्रश्न विचारले, कुठं लावणार, गाळा किती फुटाचा, मागं पाईप आहे का, कोटिंग कधी करणार. होल किती पाहिजे हे सगळ्यात शेवटी विचारलं. मी म्हटलं, मामा, गेल्या वेळी 3 चा घेतला, आता मोठा द्या म्हणजे वारं येईल. तर त्यांनी खडू घेऊन टेबलावरच गणित मांडलं.

ते गणित इथं देतो कारण मला वाटतं पत्रा घेताना हे एवढंच कळलं तरी बास. होल बघून काही कळत नाही, पिच बघायचा. पिच म्हणजे एका होलाच्या मध्यापासनं शेजारच्या होलाच्या मध्यापर्यंतचं अंतर. होलाला पिचनं भागा, आलेल्या आकड्याचा वर्ग करा, त्याला 90.69 नं गुणा, पत्र्याचा किती टक्के भाग मोकळा ते येतं. हे झिगझॅग म्हणजे 60 डिग्रीत पाडलेल्या गोल होलांसाठी, होल सरळ चौकोनी रांगेत असतील तर 78.54 नं गुणायचं. आता बघा, माझा पहिला पत्रा 3 चा होल 5 चा पिच, मोकळा भाग साधारण 32.6 टक्के. मामांनी दिलेला 5 चा होल 8 चा पिच, 35.4 टक्के. म्हणजे होल जवळजवळ दुप्पट दिसतो पण वारा फक्त थोडाच जास्त. आणि 10 चा होल 20 च्या पिचवर घेतला तर मोकळा भाग 22.7 टक्केच, सगळ्यात मोठा होल आणि सगळ्यात बंद पत्रा! मी वीस वर्षं व्हर्नियर हातात धरतोय आणि हे मला खडूनं टेबलावर शिकावं लागलं.

पत्रा 2 एमएम घेतला, 5052 ग्रेड. पहिला बहुतेक मऊ 1100 ग्रेडचा वगैरे असावा, कोपरा अंगठ्यानं वाकत होता. 5052 मध्ये मॅग्नेशियम असतं, कडक आहे आणि दमट हवेला चांगला टिकतो, टेस्ट सर्टिफिकेट मागितलं तर मामांनी कुरकुर न करता दिलं. सलग 2 एमएमचा पत्रा 16 किलो, होल पाडल्यावर साडेदहाच्या आसपास, तेवढाच सलग लोखंडी पत्रा 46 किलोच्या वर जातो. जिन्यानं दोन मजले चढवताना हा फरक खांद्याला कळतो. आणखी एक नियम मामांनी सांगितला, होल कधी पत्र्याच्या जाडीपेक्षा बारीक मागायचा नाही, पंच (होल पाडायचं हत्यार) मोडतात आणि काम सुबक येत नाही.

कडेला चारी बाजूनं बिनहोलाची पट्टी सोडून घेतली. पहिल्या वेळी मोठा पत्रा कापून घेतलेला, कट होलांच्या मधनं गेला आणि कड करवतीसारखी झाली, आईची साडी दोनदा अडकली. शिवाय पंचनं होल पडतो तेव्हा एका बाजूला कड गुळगुळीत आणि दुसऱ्या बाजूला बर, म्हणजे धारदार कंगोरा, निघतो, हात फिरवला की लगेच कळतं. गुळगुळीत बाजू माणसाकडं, बराची बाजू बाहेर, आणि कोटिंगच्या आधी बर काढून घ्यायचा. कोटिंग सगळ्यात शेवटी, म्हणजे कापणं, वाकवणं, स्क्रूची भोकं, सगळं झाल्यावर. नंतर ड्रिल मारलं की तिथला रंग गेला. स्क्रूची भोकं लांबट पाडून घेतली, स्क्रू 304 स्टेनलेसचे, मधे रबरी वॉशर, मागच्या एमएस (साध्या लोखंडी) पाईपला प्रायमर रंग आणि वर रबराची पट्टी म्हणजे पत्रा लोखंडाला कुठंच टेकत नाही.

रंग गडद ब्राऊन पावडर कोटिंग. बायकोला पांढरा पाहिजे होता पण पांढरा ऊन पडलं की चमकतो आणि आतनं बाहेरचं नीट दिसत नाही, गडद रंगातनं रंकाळ्याकडचं झाड अन् झाड दिसतं.

दोन पावसाळे झाले. भुकटी नाही, ओघळ नाही, थरथर नाही, टकटक नाही. ऊन अर्ध्याच्या वर अडतं, दुपारी चारला खुर्ची टाकून चहा घेता येतो. पाऊस मात्र पूर्ण अडत नाही, तिसरा हिस्सा मोकळा आहे तर पाणी येणारच, ज्यांना कोरडी बाल्कनी पाहिजे त्यांनी हे घेऊ नका. पाऊस थांबला की काही होलांमध्ये पाण्याचा पातळ पडदा अडकून राहतो, रात्री खालचा दिवा त्यातनं बघितला तर शंभर छोटे दिवे दिसतात. पहिल्या पत्र्यात 3 एमएमच्या होलांत हेच पाणी वाळून धूळ बसायची आणि होल बुजायचे, 5 मध्ये महिन्यातनं एकदा पाइपानं पाणी मारलं की काम होतं.

एक गोष्ट कुणीच सांगितली नव्हती. दिवसा बाहेरनं आतलं काही दिसत नाही, पण रात्री आत लाईट लावली की उलटं होतं. समोरच्या काकू भाजी घेताना बायकोला म्हणाल्या, "काल सिरियल बघता बघता तुमच्या सासूबाईंना डुलकी लागली वाटतं?" त्याच दिवशी आत पडदा लावला.

वर्कशॉपमध्ये कॉम्प्रेसरच्या बेल्टला पण उरलेल्या पत्र्याचा गार्ड केला. हलका, पोऱ्या एका हातानं काढतो, आतला बेल्ट दिसतो. पण गार्डला नुसता पत्रा लावून भागत नाही, होल जेवढा मोठा तेवढा गार्ड फिरत्या भागापासनं लांब पाहिजे, बोट आत जाऊन पोचता कामा नये, त्याचं टेबल आयएसओ 13857 या सुरक्षेच्या स्टँडर्डमध्ये आहे, फॅब्रिकेटरला दाखवा. आणि फाउंड्रीवाल्या मित्रांनो, ओतकामाजवळ याचा नाद करू नका, ॲल्युमिनियम 660 डिग्रीला वितळतं आणि तुमचं वितळलेलं बीड (ओतीव लोखंड) त्याच्या दुप्पट गरम असतं. तिथं लोखंडच.

करवीरमधला एक दोस्त गुऱ्हाळासाठी याची गाळणी करायची म्हणत होता, त्याला पण नको म्हटलं. रसात चुना पडतो आणि ॲल्युमिनियमला चुना चालत नाही, तिथं स्टेनलेस घे. सिमेंटमध्ये पण चुना असतो, म्हणून बाल्कनीवर गिलाव्याचं काम निघालं तर पत्रा आधी झाकून घ्या. आमच्या वरच्या मजल्यावर प्लास्टर झालं, सिमेंटचे शिंतोडे उडाले आणि मी दोन दिवसांनी पुसायला गेलो, ते डाग आजही आहेत.

मजा म्हणजे हे ॲल्युमिनियम आपल्याला एवढं परकं नाही. राधानगरीत दुर्गमानवाडला बॉक्साईटच्या, म्हणजे ज्या मातीतनं ॲल्युमिनियम निघतं तिच्या, खाणी आहेत, हिंडाल्को कंपनीच्या, आणि त्या बॉक्साईटपासनं ॲल्युमिना (ॲल्युमिनियमच्या आधीची पांढरी पूड) करायचा त्यांचा कारखाना इथनं जवळ बेळगावला. तांबडी माती इथली आणि पत्रा मात्र कुठनं कुठनं फिरून उद्यमनगरात येतो.

पत्र्याला पाचपैकी चार, अर्धा मार्क रात्रीच्या काकूंमुळं गेला, अर्धा पावसामुळं. दुकानाला साडेतीन. माल चोख, लेव्हल केलेला, दोन्ही बाजूनं प्लास्टिकची फिल्म लावून दिला, पण सोमवारी देतो म्हणून शुक्रवारी दिला. आता वर्कशॉपच्या खिडक्यांसाठी 6 चा होल 9 चा पिच सांगून आलोय, 40 टक्के मोकळा. गुरुवारी देतो म्हणालेत, कुठल्या गुरुवारी ते विचारायचं राहिलं.