तारखा अ‍ॅप सांभाळतं हो, पण बिनतारखेच्या कामांचं काय? (आठ महिने वापरून लिहितोय)

आधीच सांगतो, मी काही टेक्नॉलॉजीवाला माणूस नाही. नाशिकला सीबीएस बसस्टँडजवळच्या कोर्टात वकिली करतोय, चौदा वर्षं झाली, जास्त करून दिवाणी आणि चेक बाउन्स, आठवड्यात एक दिवस निफाड, कधीमधी सिन्नर. ऑफिसात मी, एक ज्युनिअर मॅडम आणि आमचे कारकून, त्यांना सगळं कोर्ट भाऊच म्हणतं. भाऊ मला माझ्या सीनिअरांकडून वारशात मिळालेत आणि निम्मं ऑफिस त्यांच्या डोक्यात आहे. निम्मं डायरीत. माझ्याकडे काय उरतं ते विचारू नका.

तर हे सगळं सुरू झालं मागच्या द्राक्षाच्या सीझनला. निफाडकडचे एक शेतकरी आले, व्यापाऱ्याने माल उचलला, चेक दिला, चेक परत. चेक परत आल्याचा बँकेचा मेमो आणून दिला, मी म्हटलं बसा काका, नोटीस काढू, आणि कागद फाइलीत लावून टाकला. आता गंमत बघा, डायरीत पान असतं तारखेचं. दावा दाखल झालेला असेल, नंबर पडलेला असेल, तर तो कुठल्या ना कुठल्या पानावर येतोच, आणि मी विसरलो तरी अशील आदल्या रात्री फोन करतो, भाऊ बोर्ड (त्या दिवशीच्या केसेसची यादी) बघतात, कुणीतरी आठवण करतंच. पण ह्या काकांची केस अजून केसच नव्हती, त्यामुळे तिला पानच नव्हतं! चेक परत आल्याचं बँकेकडून कळल्यापासून 30 दिवसांत नोटीस गेली पाहिजे, आणि फिर्यादीला उशीर झाला तर निदान कारण दाखवून माफी मागता येते, नोटिशीला ती सोय नाही. 28 व्या दिवशी काकांचाच फोन आला, साहेब नोटीस गेली का, आणि माझ्या हातातला चहा तसाच राहिला. रात्री बसून ड्राफ्ट केला, सकाळी पोस्ट उघडायच्या आधी भाऊ दारात उभे होते. वाचलो. चेकची तीन महिन्यांची मुदत शिल्लक असती तर परत बँकेत टाकता आला असता, पण ती संपत आली होती आणि नशिबावर किती दिवस काढणार.

तेव्हापासून तीन गोष्टी वापरून बघितल्या.

पहिलं एक पेड अ‍ॅप, खास वकिलांसाठीचं, नाव घेत नाही. डेमोमध्ये एकदम झकास वाटलं. प्रत्यक्षात दिवसाला चाळीस नोटिफिकेशन्स, त्यातली पस्तीस "तुमची केस अपडेट झाली" असली, काय अपडेट झालं ते उघडून बघा. पहिल्या आठवड्यात सगळी बघितली, दुसऱ्या आठवड्यात बोटाने सरकवायला लागलो, आणि एकदा ती सवय लागली की त्यातली खरी कामाची पाच पण सरकतात. वर अशिलांना आपोआप मेसेज जायचे, एका आजींना इंग्रजीत मेसेज गेला तर त्या घाबरून नातवाला घेऊन ऑफिसात हजर. वर्ष संपायच्या आत बंद केलं.

दुसरं ट्रेलो, कामांची कार्डं रकान्यांत लावायचं अ‍ॅप. ह्याला नावं ठेवणार नाही, चूक आमची. रकाने केले, ड्राफ्टिंग, दाखल करायचं, नक्कल (कोर्टाच्या कागदाची सहीशिक्क्याची प्रत), झालं, आणि प्रत्येक कामाचं कार्ड. मोठ्या स्क्रीनवर दिसायला छान. पण कोर्टात उभ्या उभ्या, एका हातात बॅग, पुकारा कधीही होणार, तिथे कार्ड कोण ओढत बसणार? मॅडमनी दोन महिने इमानदारीने केलं, मी एकदाही नाही. जिथे दहा लोक एका टेबलावर बसून काम करतात तिथे चालेल.

तिसरं म्हणजे आता जे चालू आहे ते, सरकारी ई-कोर्ट्स सर्व्हिसेसचं अ‍ॅप आणि गुगल कॅलेंडर, दोन्ही फुकट.

ई-कोर्ट्स बऱ्याच जणांकडे असतं, पण अशिलाने विचारलं की केस शोधायची, तारीख सांगायची आणि बंद करायचं एवढाच वापर. खरी किंमत "माय केसेस"मध्ये आहे. 16 अंकी-अक्षरी सीएनआर नंबर (प्रत्येक केसचा स्वतःचा वेगळा नंबर) टाकला की केस सेव्ह होते, पुढची तारीख, स्टेज, आधीच्या तारखेला काय झालं, अपलोड झाले असतील तर हुकूमही तिथेच. निफाडला बसून नाशिकच्या केसची स्टेज कळते हे मला तरी अजून नवलाचं वाटतं. सिन्नरहून येताना नाशिकच्या द्वारका चौकात अडकलो की मी हेच बघत बसतो (गाडी भाऊ चालवतात, काळजी नसावी). एक लक्षात ठेवा, ही यादी फोनमध्येच राहते. मी फोन बदलला आणि एक्स्पोर्ट करून घ्यायचं विसरलो, दोनशेच्या वर केसेस परत टाकल्या, दोन रविवार गेले. आता महिन्याला एकदा फाइल काढून स्वतःलाच मेल करतो. आणि महसूलच्या तारखा ह्यात येत नाहीत, प्रांतांकडचं अपील, तहसीलदारांकडची रस्त्याची केस हे सगळं हाताने लिहावं लागतं, आणि आपल्या जिल्ह्यात ते काम काही कमी नाही.

पण हे झालं तारखांचं. बिनतारखेच्या कामासाठी कॅलेंडर, आणि इथे थोडं डोकं लावावं लागलं. ऑफिसच्या अकाउंटवर दोन वेगळी कॅलेंडरं केली, एकाचं नाव "मुदत", लाल रंग, दुसऱ्याचं "बिनतारखेचं", पिवळा. दोन्ही मॅडम आणि भाऊंच्या फोनवर शेअर. हे गुगल टास्क्समध्ये करायला गेलो होतो, पण त्याची यादी ज्याची त्यालाच दिसते, म्हणून सरळ कॅलेंडर.

"मुदत"मध्ये नियम एकच, कागद टेबलावर आला की फाइलीत जायच्या आधी नोंद. चेकचा मेमो आला की बँकेकडून कधी कळलं ती तारीख विचारायची (काका लोक चेकवरचीच तारीख सांगतात, खोदून विचारा), तिथून 20 व्या दिवशी एक नोंद आणि 27 व्या दिवशी दुसरी. 30 व्या दिवशी मुद्दाम काहीच ठेवत नाही, त्या दिवशी आठवण होऊन उपयोग काय. नोटीस समोरच्याला मिळाली की तिथून 15 दिवस, मग फिर्यादीचा महिना, ह्याही नोंदी पोचपावती हातात आली की लगेच. समन्स लागलं की कैफियतीचे (दाव्याला द्यायचं लेखी उत्तर) 30 दिवस आणि पुढचे 90 पर्यंतचे, कमर्शियल दावा असेल तर 120 ला ठळक लाल, कारण त्यापुढे दार बंद. निकाल लागला की अपिलाची मुदत, आणि त्याच नोंदीत नक्कल कधी मागितली नि कधी तयार झाली हे दोन्ही, कारण नक्कल मिळायला गेलेला वेळ मुदतीतून वजा होतो आणि हे दिवस ऐन वेळी मोजायला बसलं की घाम फुटतो.

"बिनतारखेचं" हे जास्त आवडतं मला. अशील व्हॉट्सअ‍ॅपवर तीन मिनिटांची व्हॉइस नोट टाकतो, साहेब त्या सातबाऱ्याचं बघा, ती ऐकली की कीबोर्डच्या माइकवर मराठीत बोलून लगेच नोंद, आणि कामाला खोटी का होईना एक तारीख द्यायचीच. त्या दिवशी नाही झालं तर ओढून पुढे. तीनदा पुढे ढकललं गेलं की मॅडम विचारतात, सर, हे आपण करणार आहोत का नाही? हा प्रश्न कुठलंच अ‍ॅप विचारत नाही.

नोंदीत अशिलाचं पूर्ण नाव लिहीत नाही, आद्याक्षरं आणि फाइल नंबर बस. अशिलाने सांगितलेलं बाहेर जाऊ न देणं आपल्यावर कायद्यानेच आहे, आधी पुरावा कायद्यात कलम 126 होतं, आता साक्ष अधिनियमात 132, आणि फोन काय, रिक्षात पण राहतो.

डायरी बंद केली का? नाही. भाऊंना मी एकदा म्हटलं, भाऊ, आता डायरीची गरज नाही. त्यांनी चष्म्यावरून बघितलं फक्त. त्याच आठवड्यात एका दाव्याची तारीख अ‍ॅपवर जुनीच दिसत होती, कारण नवी अजून चढवली नव्हती, आणि डायरीत भाऊंच्या अक्षरात बरोबर होती. तेव्हापासून रोज संध्याकाळी दहा मिनिटं, ते डायरी वाचतात, मी अ‍ॅप वाचतो, जिथे जुळत नाही तिथे मॅडम दुसऱ्या दिवशी कोर्टातल्या कारकुनाच्या टेबलावर जाऊन विचारून येतात.

मार्क द्यायचे तर ई-कोर्ट्सला पाचपैकी चार, कॅलेंडरला साडेचार, अर्धा मार्क कापला कारण मराठीत बोललेलं "दरखास्त" (हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचा अर्ज) ते "बरखास्त" लिहितं आणि मॅडम दचकतात.

आज पिवळ्या कॅलेंडरात 23 कामं आहेत. त्यातलं सगळ्यात जुनं, अकरा वेळा ढकललेलं, ते माझ्या स्वतःच्या सोसायटीचं कन्व्हेयन्स, म्हणजे जागा सोसायटीच्या नावावर करून घेणं.