‘संशोधन’ या शब्दाखाली आमचे सहा आठवडे गेले

जानेवारी २०२३ मध्ये, संक्रांतीच्या आधीच्या आठवड्यात, माझ्या वडिलांना पक्षाघाताचा झटका आला आणि त्यानंतरच्या तीन महिन्यांत, त्यांच्या उपचारावरील खोट्या संशोधनाच्या नावाखाली, आमच्या कुटुंबाची १,८५,००० रुपयांची फसवणूक झाली. रक्कम आधीच सांगून टाकते, कारण ओळखीचे लोक पहिल्यांदा तेवढेच विचारतात. पैशांपेक्षा मोठे जे नुकसान झाले ते बाहेरच्या माणसाला दिसत नाही, आणि तेच नीट समजावे म्हणून मी हे लिहीत आहे.

आमचे गाव चोपडा तालुक्यात, तापीच्या काठच्या केळीच्या पट्ट्यात आहे. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे आणि नोकरीमुळे अमळनेरला राहते. शेती माझा मोठा भाऊ पाहतो. त्या पहाटे अण्णा गोठ्यात कोसळले. ‘अंगावरून वारे गेले’ असे म्हणून त्यांना आधी शेजारच्या गावी झाडपाल्याचे औषध देणाऱ्याकडे नेण्यात आले आणि जळगावच्या रुग्णालयात ते दुपारी पोहोचले. मेंदूतील गुठळी विरघळवणारे इंजेक्शन लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. ती वेळ टळून गेली होती. मेंदूच्या डाव्या भागातील रक्तपुरवठा बंद झाल्याने उजवा हात व पाय लुळा पडला आणि वाचा गेली. सोसायटीच्या बैठकीत तासभर बोलू शकणाऱ्या अण्णांच्या तोंडी एकच शब्द उरला, ‘हाऊ’. पाणी हवे असले तरी ‘हाऊ’ आणि आईला हाक मारायची असली तरी ‘हाऊ’. मेंदूतील वाचेच्या जागेचा पहिला ठोस पुरावा १८६१ मध्ये पॅरिसचे डॉक्टर ब्रोका यांना ज्या रुग्णामुळे मिळाला, त्याच्या तोंडीही ‘तान’ एवढाच शब्द उरला होता, हे मी पुढे वाचले, तेव्हा अण्णांच्या अवस्थेला काहीतरी नाव आहे या जाणिवेने मला धीर आला.

दुसऱ्या आठवड्यापासून चोपड्याची एक तरुण फिजिओथेरपिस्ट घरी येऊ लागली. तिची पद्धत साधी होती आणि आज मला कळते की ती अगदी योग्य होती. रबरी चेंडू दाबायला लावण्यापेक्षा हाताला त्याच्या ओळखीचे काम द्यावे आणि ते पुन्हा पुन्हा करून घ्यावे, असे ती म्हणे. घरात कापूस भरून ठेवलेला होताच. तिने न वेचलेली बोंडे मागवली, अण्णांचा डावा हात पंचाने मांडीशी बांधला आणि उजव्या हाताने बोंडातला कापूस ओढायला सांगितले. चौथ्या आठवड्यात त्यांचा अंगठा व तर्जनी पाकळीला टेकली, थरथरली, आणि चार-पाच धागे बाहेर आले. चांगला हात बांधून दुबळ्या हाताकडून काम करून घेण्याच्या या पद्धतीची अमेरिकेत २२२ रुग्णांवर चाचणी झाली होती व तिचे निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्यांची बोटे थोडी तरी आपणहून उघडतात अशा रुग्णांना तिचा फायदा होतो, असे त्यात दिसून आले. अण्णांची बोटे उघडत होती. त्याच सुमारास तो माणूस आमच्या घरी आला.

आमचा पत्ता त्याला कोठून मिळाला हे मला आजवर समजलेले नाही. तो आपण संशोधन प्रकल्पाचा समन्वयक असल्याचे सांगत होता, गळ्यात ओळखपत्र होते, बोलणे नम्र होते. त्याने स्वतःला एकदाही डॉक्टर म्हणवून घेतले नाही. लकव्यावर स्टेम सेलचे, म्हणजे ज्यांच्यापासून इतर पेशी तयार होतात त्या मूळपेशींचे, संशोधन सुरू असून जळगाव जिल्ह्यातून मोजक्याच रुग्णांची निवड झाली आहे, उपचार मोफत आहेत, फक्त पेशी वाढवण्याचा प्रयोगशाळेचा खर्च कुटुंबाने करायचा आहे, असे त्याने सांगितले. ‘ताई, तुम्ही शिकलेल्या आहात, तुम्हाला समजेल,’ हे वाक्य तो माझ्याकडे पाहून दोनदा बोलला आणि मी, विज्ञान शिकवणारी बाई, त्या वाक्याला भुलले. ‘हमखास गुण’ असे म्हणणाऱ्या भोंदूला मी दारातूनच परत पाठवले असते, पण ‘संशोधन’ या शब्दाबद्दल माझ्या मनात आदर होता आणि त्याने नेमका तोच हेरला.

अण्णांना मंगल कार्यालयातल्या एका शिबिरात नेले गेले. चार पानांचे इंग्रजी संमतीपत्र होते, त्यावर नैतिकता समितीचा म्हणून एक जांभळा शिक्का होता. अण्णा सातवी शिकलेले, आयुष्यभर कागदांवर सही करत आलेले. त्या माणसाने त्यांची मिटलेली उजवी मूठ हाताने उघडली, अंगठा शाईच्या डबीवर दाबला आणि कागदावर टेकवला. अण्णा ‘हाऊ, हाऊ’ म्हणत माझ्याकडे पाहत होते. त्यांना काय म्हणायचे होते, हे विचारून घेण्याचा प्रयत्नही मी केला नाही. खऱ्या चाचणीत माहितीपत्रक रुग्णाला समजणाऱ्या भाषेत द्यावे लागते, रुग्णाला किंवा त्याच्या कुटुंबीयाला वाचता येत नसेल तर संशोधकांशी संबंध नसलेला साक्षीदार हजर असावा लागतो आणि कधीही, कारण न देता, बाहेर पडता येते.

नोंदणीसाठी २५,००० आणि पहिल्या ‘मात्रेसाठी’ ९०,००० रुपये आम्ही केळीच्या पट्टीतून, म्हणजे केळी विकून आलेल्या पैशांतून, दिले. पैसे एका व्यक्तीच्या नावावरील खात्यात गेले, संस्थेच्या नव्हे. पावती मागितली तेव्हा ‘प्रकल्प संपल्यावर एकत्र मिळेल’ असे उत्तर आले. दंडातून रक्त काढले, दोन तासांनी सलाईनमधून काहीतरी परत दिले. त्या बाटलीत काय होते हे आम्ही कधीच जाणू शकणार नाही.

त्यानंतर त्याने जे सांगितले त्याने आमचा घात केला. पेशी रुजेपर्यंत सहा आठवडे व्यायाम पूर्ण बंद ठेवा, असे तो म्हणाला, आणि दादाकडे वळून विचारले, ‘भाऊ, टिश्यू कल्चरचे रोप लावल्यावर तुम्ही ते रोज हलवून पाहता का?’ दादाने दरवर्षी हजारो रोपे लावलेली. केळीच्या पट्ट्यातल्या माणसाला याहून पटणारे उदाहरण कोणी देऊ शकले नसते. दुसऱ्या दिवशी फिजिओथेरपिस्टला येऊ नका म्हणून कळवले. ती फोनवर रागावली, मग काकुळतीला आली, आणि आम्ही तिचे ऐकले नाही. रक्त पातळ ठेवणारी गोळीही त्याने बंद करायला सांगितली होती, पण तिथे आई उभी राहिली. ‘डाक्टरनी गोयी बंद व्हवाव नही,’ एवढेच ती म्हणाली आणि रोज रात्री गोळी देत राहिली. दुसरा झटका आला नाही, याचे श्रेय मी तिला देते.

आता जो भाग सांगते, तो अशी फसवणूक लकव्याच्या रुग्णांच्या घरीच इतकी सहज का साधते ते दाखवतो. अण्णा सुधारत होते. आठव्या आठवड्यात ते खांद्यातून हात उचलू लागले, काठी घेऊन ओट्यापर्यंत गेले आणि ‘हाऊ’च्या जोडीला ‘चहा’ हा शब्द आला. आम्ही आनंदाने त्या माणसाला फोन केला. तो म्हणाला, पेशी कामाला लागल्या, दुसरी मात्रा लगेच द्यायला हवी. भाव वाढेल म्हणून घरात ठेवलेला कापूस दादाने खेडा खरेदीवाल्याला मिळेल त्या भावाने घातला आणि आणखी ७०,००० रुपये दिले.

ही सुधारणा मूळपेशींची नव्हती. झटक्यानंतर मेंदूतील सूज उतरते, जगलेला भाग आपली जुळणी नव्याने करतो आणि पहिल्या तीन महिन्यांत बहुतेकांमध्ये काही ना काही प्रगती आपोआप होते. कोपनहेगन येथे सुमारे १,२०० रुग्णांवर झालेल्या व १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ९५ टक्के रुग्ण साडेबारा आठवड्यांच्या आत दैनंदिन कामांतील आपल्या सर्वोत्तम पातळीला पोहोचले होते. म्हणजे या काळात रुग्णाला कोणीही काहीही द्यावे, अंगारा द्यावा की सलाईन, गुण त्याचाच आहे असे वाटणार. नेमके याचसाठी खरे संशोधक रुग्णांचे दोन गट करतात आणि एका गटाला तो उपचार देत नाहीत. आपल्याच देशात दिल्लीच्या एम्सच्या पुढाकाराने पाच केंद्रांत १२० रुग्णांवर मूळपेशींची अशी चाचणी झाली आणि २०१४ मध्ये तिचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. सहा महिन्यांनी दैनंदिन कामांचे गुण शंभरापैकी एका गटात ६३.१ आणि दुसऱ्या गटात ६३.६ होते. उपचार सुरक्षित ठरला, पण उपयोग दिसला नाही. आमच्याकडे तो माणूस आला त्याच्या नऊ वर्षे आधी हे छापून आले होते.

भारतातील १४ रुग्णालयांतील १,२५० रुग्णांवरच्या आणखी एका चाचणीबद्दल वाचताना मला रडू आले. घरच्या माणसांना प्रशिक्षण देऊन त्यांच्याकडून व्यायाम करून घेतल्यास रुग्ण लवकर स्वावलंबी होतो का, हा तिचा प्रश्न होता. आमच्यासारख्या घरांसाठी ते उत्तर ‘हो’ यावे असे मला मनापासून वाटले. ते ‘नाही’ आले. सहा महिन्यांनी दोन्ही गटांत ४७ टक्के रुग्ण मरण पावलेले वा परावलंबी होते, आणि संशोधकांनी २०१७ मध्ये ते जसेच्या तसे जगासमोर मांडले. नकोसे उत्तरही प्रसिद्ध करणारे असे लोक असतात आणि त्यांच्याच कामाचे नाव लावून आमच्या घरात चोर शिरला, याची चीड अजून जात नाही.

बाराव्या आठवड्यात त्याचा फोन बंद झाला. एप्रिलमध्ये मी सगळी कागदपत्रे घेऊन सरकारी रुग्णालयातील एका डॉक्टरांना भेटले. त्यांनी आधी अण्णांचा हात पाहिला. मूठ घट्ट आवळलेली होती, मनगट आत वळले होते, खांद्याचा सांधा खाली ओघळला होता आणि हात लावताच अण्णा कळवळत होते. मग त्यांनी संमतीपत्रावरचा नोंदणी क्रमांक माझ्यासमोर संगणकावर टाकला. भारतातील औषधांच्या चाचण्यांची नोंद जून २००९ पासून सक्तीची आहे आणि ‘क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री – इंडिया’च्या संकेतस्थळावर ती कोणालाही फुकट पाहता येते. क्रमांक खरा होता, पण तो दुसऱ्या राज्यातील, दुसऱ्याच आजारावरील चाचणीचा होता. मी तो फेब्रुवारीत तपासला असता तर पाच मिनिटे लागली असती. रक्ताच्या काही विकारांसाठीचे रोपण सोडले तर मूळपेशींचा वापर मान्यताप्राप्त चाचणीबाहेर करता येत नाही आणि चाचणीत रुग्णाकडून त्याचे पैसे घेता येत नाहीत, असे २०१७ ची राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे सांगतात, हेही मला तेथेच समजले. पक्षाघात बरा करण्याची जाहिरात करणे १९५४ च्या कायद्यानेच निषिद्ध आहे, म्हणजे त्या माणसाच्या लोकांनी घरोघरी वाटलेले पत्रक हाच गुन्हा होता.

आम्ही पोलिसांत तक्रार दिली. १९३० या ऑनलाइन आर्थिक फसवणुकीच्या मदत क्रमांकावरही कळवले, पण तो फोन पैसे गेल्या गेल्या करायचा असतो आणि आम्ही महिना उलटल्यावर केला. ज्या खात्यात पैसे गेले ते एका मजुराच्या नावावर निघाले आणि खाते रिकामे होते. आमच्या भागातील आणखी दोन कुटुंबे पुढे आली आहेत. काही घरे लाजेपोटी गप्प असावीत असा माझा अंदाज आहे, आणि त्यांनी कागद जपून ठेवावेत व तक्रार द्यावी, अशी माझी हात जोडून विनंती आहे. आपल्या घरी असा कोणी आलाच तर त्याच्याकडून नोंदणी क्रमांक व मराठी माहितीपत्रक मागून घ्यावे, ते रुग्णावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांना दाखवावे, आणि तोवर व्यायाम एक दिवसही थांबवू नये.

फिजिओथेरपिस्ट आम्ही बोलावताच परत आली, मागचे एक अक्षर तिने काढले नाही. तीन महिन्यांनंतर सुधारणा अजिबात थांबते असे नाही, २००६ च्या त्या चाचणीतील रुग्ण झटक्यानंतर तीन ते नऊ महिन्यांचे होते, हे तिनेच दादाला समजावून सांगितले. अण्णा आता गावात काठीने फिरतात आणि वीस-पंचवीस शब्द बोलतात. उजव्या हाताचा अंगठा व पहिली दोन बोटे उघडतात. शेवटची दोन अजून तळहाताला चिकटलेली असतात, आणि तिथली कातडी घामाने ओली राहू नये म्हणून आई रोज सकाळी ती बोटे एकेक करून उचलते आणि त्यांच्याखाली जुन्या धोतराच्या मऊ कापडाची घडी ठेवते.