सोलापूर स्टेशनकडची कडक भाकरीची खानावळ: पाचपैकी चार स्टार, एक का कापला ते शेवटी

आधीच सांगते, हा रिव्ह्यू नुसता चवीचा नाहीये. आम्ही तिथे गेलो तेव्हा दोघांचे मिळून ८६२ रुपये होते आणि पुढचे कधी येणार, कुठून येणार काही पत्ता नव्हता, त्यामुळे ज्यांना सोलापुरात येऊन मटण बिटण हाणायचंय त्यांनी दुसरे रिव्ह्यू वाचा, इथे शुद्ध शाकाहारी आहे.

आमचे मिस्टर चिंचवडला एका वर्कशॉपमध्ये इलेक्ट्रिशियन होते. तीन वर्षांपूर्वी सोडलं आणि तेव्हापासून वर्षातले काही महिने आम्ही दोघं असेच फिरतो, लहान लहान ख्रिस्ती मंडळ्या, वस्तीवरच्या प्रार्थना, कुठे भजन, कुठे साक्ष, कुठे नुसतं आजारी माणसाच्या उशाशी बसायचं. पगार नाही, कुठल्या मिशनचा हात नाही, विश्वासाने चाललंय. त्यांचा नियम एकच, माणसाकडे मागायचं नाही, फक्त प्रभूला सांगायचं. माझाही एकच, जे येतं जातं ते वहीत लिहायचं. दोन्ही नियम एका घरात नांदवणं सोपं नाही बरं का.

पुण्याहून जनरलचं तिकीट काढून निघालो. गाडी केडगाववरून जाते (दौंडच्या अलीकडचं, नगरजवळचं नाही) आणि तिथे मिस्टरांचं ठरलेलं, खिडकीतून बोट दाखवून पंडिता रमाबाईंची गोष्ट. की ब्रिस्टलच्या जॉर्ज म्युलरने कुणापुढे हात न पसरता हजारो अनाथ पोरं सांभाळली, ते रमाबाईंनी वाचलं, आणि १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून उपाशी मुली इथे आणून मुक्ती मिशन त्याच भरवशावर उभं केलं. मी शंभर वेळा ऐकलीय. मला मात्र या गाडीत लक्ष्मीबाई टिळकच आठवतात. त्यांच्या यजमानांनी, ना. वा. टिळकांनी, १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून देवाचा दरबार (ख्रिस्तभक्तांचा मेळा) सुरू केला, सगळं खरं, पण चुलीवर काय ठेवायचं हा प्रश्न कुणाला पडत असेल ते मला विचारा.

पोचलो रात्री. स्टेशनजवळच्या एका लॉजवाल्याने फोनवर ४०० सांगितले होते, काउंटरवर गेलो तर ७०० आणि वर डिपॉझिट, आणि आमच्या पिशव्यांकडे असं बघत होता की जणू आम्ही चादरी चोरायला आलोय. नाव लिहीत नाही, जाऊ दे. सोलापुरात येऊन चादर चोरून कोण नेईल, २००५ मध्ये जीआय टॅग मिळालेली वस्तू आहे, लोक विकत नेतात. तर ती रात्र प्लॅटफॉर्मच्या बाकावर गेली, फेब्रुवारी संपत आलेला त्यामुळे थंडी नव्हती, डास मात्र होते.

सकाळी दोन कट चहाचे २० रुपये गेले, उरले ८४२. मग हमालांना विचारलं की स्वस्त आणि पोटभर कुठे, तर त्यांनी या खानावळीकडे बोट केलं. बोर्ड उन्हाने पार पुसलेला, त्यामुळे नाव मलाही सांगता येणार नाही. तुम्ही स्टेशनातून बाहेर पडून कुठल्याही रिक्षावाल्याला भाकरीवाल्या काकू विचारा, पहिला नाही तर दुसरा सांगेल. सहा टेबलं, स्टीलचे जग, भिंतीवर सिद्धेश्वराचा फोटो, आणि तव्याजवळ बसलेल्या काकू एका गिऱ्हाइकाशी मराठीत, भाजीवाल्याशी कन्नडमध्ये आणि भांडीवालीशी तेलुगूत बोलत होत्या, त्यात भाकरी थापायचा हात एकदाही थांबला नाही.

आता भाकरीबद्दल. कडक भाकरी म्हणजे शिळी वाळलेली भाकरी नव्हे, हा गैरसमज आमच्याकडे पुण्यात फार आहे. ज्वारीचं पीठ चांगलं मळून भाकरी अगदी पातळ थापतात, नेहमीच्या भाकरीच्या निम्मी, मग मंद आचेवर फडक्यानं दाबत दाबत तिच्यातलं पाणी पूर्ण घालवतात. काकू कडेने गोल गोल दाबत जातात, फुगवटा आला की तिथेच फडकं टेकवतात, आणि खाली उतरवली की बोटाने टिचकी मारून बघतात. टणटण वाजली तर ढिगावर, नाही वाजली तर परत तव्यावर. मी अर्धा तास बघत बसले होते. ज्वारी मालदांडी, हे त्यांनी मला दोनदा सांगितलं आणि मिस्टरांना एकदा. माझे वडील शेतकरी, त्यामुळे मला माहीत होतं की मालदांडीचं ३५-१ वाण इथल्याच मोहोळच्या केंद्रात निवडलेलं आहे, ते मी बोलून दाखवलं तर काकूंनी पहिल्यांदा मान वर करून माझ्याकडे बघितलं. "बसा की ओ ताई, उभ्या का?"

थाळी ९० रुपये. त्यात दोन भाकरी (कडक किंवा मऊ, सांगाल ती), शेंगाची (म्हणजे शेंगदाण्याची) आमटी, एक पालेभाजी, शेंगाचटणी, दही, कांदा, भात. आमटी जाळ आहे, पहिल्या घासाला माझ्या डोळ्यात पाणी आलं, कडक भाकरी चुरून त्यात टाका आणि दोन मिनिटं थांबा, मग खा. पालेभाजी ठीकच, एक दिवस नुसती मिठाची होती. भात विसरा. पण चटणी! दाणे, लसूण, लाल तिखट, जिरं, मीठ, बस एवढंच, पण मिक्सरची भुकटी नाही, उखळात कुटलेली, कुटता कुटता दाण्याचं तेल सुटून गोळा होतो तशी.

आम्हाला दुपारपर्यंत चर्चच्या मागची एक खोली मिळाली, पाळकसाहेबांची ओळख निघाली, तर चार दिवस जेवण या खानावळीत. इस्टरच्या आधीचा उपवासकाळ चालू असल्यामुळे एकच वेळ जेवायचो. पहिल्या दिवशी दोन थाळ्या, १८० रुपये. दुसऱ्या दिवशी पण दोन. संध्याकाळी मी वही काढली, ४८२ उरलेले, आणि पुढे धाराशिवला जायचं होतं. एसटीत बायकांना २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, माझं बरं आहे, पण मिस्टर काही अर्धे होत नाहीत. मी म्हटलं उद्यापासून एकच थाळी घ्यायची, दोघांत. ते म्हणाले घेऊ.

तिसऱ्या दिवशी एक थाळी सांगितली. काकू बघत राहिल्या. "आज एकच का ओ? भांडलाव व्हय?" मिस्टर नुसते हसले, सांगणार नाहीत ना, नियम! मी पण गप्प बसले, पण माझं गप्प बसणं नियमाने नव्हतं, लाजेने होतं. तर थाळी आली एक, पण तिच्यासोबत रिकामं ताट एक, आणि भाकऱ्या दोनाच्या चार. काही बोलल्या नाहीत, कुणाला ऐकू जाईल असा आवाज केला नाही. "भाकरी कुठं मोजून खायची असतीय का" एवढंच, ते पण तव्याकडे बघून. मी बऱ्याच ठिकाणी दानधर्माचं जेवलेय, चांगल्या लोकांच्या घरी पण, आणि देणाऱ्याच्या चेहऱ्यावर ते कळतं. इथे कळलं नाही. पाचपैकी तीन स्टार त्या रिकाम्या ताटाचे आहेत असं समजा.

मग काय झालं, आमच्या डोक्यावरची ट्यूब फडफडत होती, पहिल्या दिवसापासून. मिस्टरांना ते सहनच होत नाही. जेवण झाल्यावर हात धुतले, स्टूल मागितलं (वस्तू मागितलेली चालते वाटतं नियमात), चोक खराब होता, तो समोरच्या दुकानातून काकूंच्या मुलाने आणला, शिवाय आतल्या खोलीतलं एक उघडं पडलेलं कनेक्शन पण बघितलं, जे खरंच धोक्याचं होतं, ओल्या भिंतीला लागून. दोन तास गेले. चौथ्या दिवशी काकूंनी पैसे घेतले नाहीत. मिस्टर बाहेर आल्यावर म्हणाले, बघ, प्रभूने सोय केली. आत काकू मुलाला सांगत होत्या की सिद्धरामेश्वरानेच माणूस धाडला. मी म्हटलं तुम्ही दोघं ठरवा काय ते, चोकचं काम झालं, मी वहीत "मजुरी" असं लिहिलंय.

निघताना दहा कडक भाकऱ्या बांधून घेतल्या, १५ रुपयाला एक, आणि पाव किलो चटणी ८० ची. या दोन्हीचे पैसे मी काकूंच्या हातात कोंबले, घेत नव्हत्या. प्रवासाला याच्यासारखं अन्न नाही खरंच, ना फ्रिज लागतो, ना गरम करावं लागतं. बायबलात रानात इस्राएल लोकांना मान्ना, म्हणजे आकाशातून पडलेलं अन्न, मिळायचा तो दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवला की त्यात किडे पडायचे, रोजचं रोज गोळा करा म्हणून. हे मिस्टरांनीच एसटीत काढलं, की बघ, उद्याची काळजी करायची नाही. मी म्हटलं मान्ना मालदांडीचा नव्हता. आमची शेवटची भाकरी नवव्या दिवशी लातूरला चहात बुडवून खाल्ली, तेव्हा पण कुरकुरीत.

फक्त बांधून देताना पेपरमध्ये देतात, तो नको म्हणा, घरून पत्र्याचा डबा न्या, आमच्या दहातल्या चार तुळजापूरपर्यंत चुरा झाल्या (चुरा आमटीत चालतो, पण आमटी कुठून आणणार). फोनपे आहे पण आतल्या टेबलांना नेटवर्क येत नाही, सुट्टे पैसे ठेवा. दुपारी एक ते दोन जागा मिळणार नाही. हात धुवायचं बेसिन बाहेर गटारीच्या कडेला आहे, तिकडे जरा जपून.

आणि कापलेला स्टार. चटणी साध्या पातळ पिशवीत गाठ मारून देतात. कुटलेली चटणी, तेल सुटणारच. ती पिशवी मी वरच्या कप्प्यात ठेवली आणि खाली मिस्टरांचा एकुलता एक पांढरा शर्ट. धाराशिवला रविवारच्या उपासनेत त्यांना वचन सांगायचं होतं, खिशाच्या खाली तळहाताएवढा लालसर डाग, दोनदा साबण लावून पण गेला नाही. पाऊण तास पवित्र शास्त्र छातीशी धरून उभे होते, आणि नंतर एक म्हाताऱ्या बाई मला म्हणाल्या, किती भक्तीने धरतात हो तुमचे मिस्टर.