फेरुमॉक्सिटॉल सेल लेबलिंगसाठी: नुसतं २ स्टार, हेपरिन-प्रोटामिन घालून ४

सेल्समध्ये लोहाचे कण घालून (हेच सेल लेबलिंग) ते एमआरआयवर ट्रॅक करणाऱ्या लॅबवाल्यांसाठी हा रिव्ह्यू आहे, ॲनिमियासाठी घेणाऱ्यांनी प्लीज आपल्या डॉक्टरला विचारा. आधी फेरिडेक्स नावाचं लोहाच्या कणांचं औषध होतं, अमेरिकेत १९९६ ला लिव्हर स्कॅनसाठी मंजूर झालेलं, सगळे तेच सेल्समध्ये घालायचे आणि मस्त काळे ठिपके दिसायचे, पण २००८ मध्ये प्रॉडक्शनच बंद पडलं आणि सगळेच लटकले. मग नजर गेली फेरुमॉक्सिटॉलवर. किडनी पेशंटसाठी २००९ ला आलेलं लोहाचं इंजेक्शन, १७ एमएलच्या बाटलीत ५१० मिग्रॅ लोह.

पण नुसतं हे मीडियममध्ये (सेल्स वाढवायच्या द्रवात) ओतून रात्रभर ठेवलं ना, तर स्टेम सेल्स त्याला जवळजवळ विचारतच नाहीत. कण जेमतेम ३० नॅनोमीटरचे, वरून शुगरचं कोटिंग, चार्ज निगेटिव्ह, आणि मुळात हे औषध रक्तात बराच वेळ फिरत राहावं असंच बनवलंय, त्यामुळे सेलने पटकन आत ओढावं अशी अपेक्षा करणंच चूक. प्रशियन ब्लू (लोह निळं दाखवणारा रंग) केल्यावर निळं शोधत बसावं लागतं. लोक मग डोस वाढवत सुटतात, ते मला अजिबात पटत नाही, बाटलीतलं लोह सेलच्या बाहेरच राहणार असेल तर डबल करून काय मिळणार??

खरा उपाय अमेरिकेच्या एनआयएच या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेवाल्यांनी २०१२ मध्ये छापला. हेपरिन (रक्त गोठू न देणारं औषध) २ युनिट, प्रोटामिन (हेपरिनचा उतारा) ६० मायक्रोग्रॅम, फेरुमॉक्सिटॉल ५० मायक्रोग्रॅम, सगळं पर एमएल. प्रोटामिन पॉझिटिव्ह, बाकी दोघं निगेटिव्ह, तिघं आपोआप चिकटून मोठा गोळा बनतो आणि सेल तो गिळतो. वर बोनस म्हणजे लोह असं गठ्ठ्याने आलं की टी-टू रिलॅक्सिव्हिटी (एमआरआयवर काळं दिसण्याची ताकद) साध्या फेरुमॉक्सिटॉलच्या तिप्पट झाली, आणि उंदराच्या मोठ्या भावाच्या, म्हणजे रॅटच्या मेंदूत १००० सेल्ससुद्धा दिसले. तिन्ही औषधं हॉस्पिटलच्या फार्मसीत असतातच, हा सगळ्यात मोठा प्लस. फक्त सुरुवातीचे काही तास मीडियममध्ये सीरम (रक्तातला प्रोटीनवाला द्रव) नको हं, नाहीतर सीरममधली प्रोटीन्स मध्ये येतात आणि गोळा नीट बनत नाही. नंतर सीरम घालून रात्रभर ठेवा, आणि धुताना हेपरिनवालं बफर वापरा म्हणजे बाहेर चिकटलेलं निघून जातं.

एक स्टार कापला तो काळ्या ठिपक्यांमुळे. ग्रेडियंट एको या स्कॅन पद्धतीत टीई (सिग्नल घेण्याआधीचा वेळ) वाढवला की ठिपका फुगतो, बघायला भारी वाटतं, पण जुना रक्तस्राव काळा, हवा काळी, आणि सेल मेला की त्याचं लोह खाणारा मॅक्रोफेज (शरीरातला सफाई करणारा सेल) तोही काळाच! त्यामुळे ठिपका दिसतोय म्हणजे आपला सेल जिवंत आहे असं कुणी छातीठोकपणे सांगत असेल तर आधी हिस्टॉलॉजी (टिश्यू कापून मायक्रोस्कोपखाली तपासणी) मागा. शिवाय सेल विभागला की लोह अर्धं अर्धं होत जातं आणि ठिपका फिका पडतो.

मायक्रॉन साइजचे पॉलिमरवाले कण घेतले तर एकेक सेलही दिसतो, पण त्यांचं पॉलिस्टायरीन शरीरात विरघळत नाही, म्हणजे पेशंटपर्यंत जायचा रस्ता बंद. फ्लोरिनवाल्या एजंटला बॅकग्राउंडची (शरीराच्या स्वतःच्या सिग्नलची) कटकट नाही, पण त्याला सेल्स खूप जास्त लागतात.

हळू वाढणारे सेल्स, थोड्या आठवड्यांची स्टडी, एका जागी इंजेक्शन असं काम असेल तर बिनधास्त घ्या. भराभर वाढणाऱ्या कॅन्सर सेल्सना महिनोन्महिने फॉलो करायचं असेल तर यात पैसे घालू नका, रिपोर्टर जीनकडे (सेलच्या जीन्समध्येच घातलेली, विभागल्यावरही टिकणारी खूण) वळा.