लातूरला छापून घेतलेला जेरिकोचा नकाशा

मी उदगीरला कनिष्ठ महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवते. आमच्याकडं पश्चिम आशियाचा तयार भिंतनकाशा होता. त्यात वेस्ट बँक, म्हणजे जॉर्डन नदीच्या पश्चिमेचा पॅलेस्टिनी प्रदेश, सगळी एकाच रंगात, गाझा नखाएवढं, आणि वेस्ट बँकमधल्या जेरिको शहराचं नावच नाही. १९९४ मध्ये पॅलेस्टिनींच्या हातात पहिल्यांदा जे आलं ते गाझा आणि जेरिको. तेच दिसत नसेल तर मुलांना बोट कुठं ठेवून दाखवायचं? शेवटी लातूरला गंजगोलाईजवळच्या एका फ्लेक्स-व्हिनायल छपाईच्या दुकानातून हवा तसा नकाशा करून घेतला. काम बघून समाधान झालं, म्हणून हे लिहितेय.

माप ३ बाय ४ फूट, व्हिनायल, मॅट लॅमिनेशन, वर-खाली पट्टी. डिझाइन धरून ११५० रुपये. तयार नकाशापेक्षा महाग आहे, पण मला ते पैसे जड वाटले नाहीत.

खरं कौतुक संगणकावर बसलेल्या पोराचं. जेरिकोभोवतीची हद्द आखताना त्यानं विचारलं, “मॅडम, ही रेघ जरा इकडं-तिकडं झाली तर काय बिघडतंय?” मग मी तिथंच स्टुलावर बसून त्याला कैरोची हकिकत सांगितली. इस्रायल आणि पॅलेस्टिनी यांच्यातल्या ऑस्लो करारानुसार १३ डिसेंबर १९९३ ला इस्रायली सैन्य निघायला सुरुवात व्हायची होती. जेरिकोचा प्रदेश नेमका किती धरायचा आणि सीमेवरच्या नाक्यांवर ताबा कुणाचा, यावर ती तारीख टळली. पुढं ४ मे १९९४ ला कैरोत सगळ्या जगासमोर सह्या चालू असताना पॅलेस्टिनी नेते अराफत यांनी गाझा-जेरिको कराराच्या कागदांवर सही केली, सोबतच्या नकाशांवर केली नाही. इस्रायलचे पंतप्रधान राबिन यांच्या ते लक्षात आलं. यजमान होते इजिप्तचे राष्ट्राध्यक्ष मुबारक. मंचावरच चर्चा झाली, मंडळी आत गेली, बाहेर आली, तेव्हा कुठं नकाशांवर सही झाली. प्रश्न होता ६०-६५ चौरस किलोमीटरच्या आसपासचा. पोरगं ऐकत होतं. त्यानंतर त्यानं ती हद्द तीन वेळा मोठी करून तपासली आणि प्रूफ माझ्या हातात दिल्याशिवाय छपाईला पाठवलं नाही. पहिल्या प्रूफमध्ये जोडाक्षरं फुटली होती, ती त्यानं न कुरकुरता पुन्हा टाइप केली.

कोपऱ्यात वेस्ट बँकमधल्या हेब्रॉन शहराची वेगळी चौकट मागितली होती. एच-१ हिरवा, म्हणजे शहराचा साधारण ८० टक्के भाग पॅलेस्टिनींकडं. एच-२ पिवळा, उरलेला इस्रायली लष्कराकडं. रंग एकमेकांत मिसळले नाहीत, शेवटच्या बाकावरूनही ओळखू येतात. अम्मान, गाझा, तेल अवीव असा लाल बाणही त्यानं नीट काढला. जानेवारी १९९७ मध्ये हेब्रॉनची बोलणी पुढच्या सैन्यमाघारीच्या तारखेवर अडली, तेव्हा जॉर्डनचे राजे हुसेन याच वाटेनं स्वतः गेले. आधी अराफतांना भेटले, मग इस्रायलचे तेव्हाचे पंतप्रधान नेतान्याहूंना. पुढची माघार १९९८ च्या मध्यापर्यंत पुरी करायची, अशी तडजोड झाली आणि त्याच जानेवारीत हेब्रॉनचा ताबा हलला.

मुलं दरवेळी विचारतात, मध्यस्थीला इजिप्तचं कैरो आणि जॉर्डनचं अम्मानच का? नकाशासमोर उभं राहून हे सांगणं सोपं जातं. १९६७ पर्यंत गाझा इजिप्तकडं होतं, वेस्ट बँक जॉर्डनकडं. इजिप्तचा इस्रायलशी तह १९७९ चा, जॉर्डनचा १९९४ चा, म्हणजे दोघांनाही दोन्हीकडं बोलता येत होतं. आणि हुसेन यांनी ३१ जुलै १९८८ ला वेस्ट बँकेवरचा हक्क सोडला होता. हक्कदार म्हणून आले असते तर अराफतांनी त्यांचं ऐकलं नसतं, असं माझं ठाम मत आहे. सीरियाचं दमास्कस मी मुद्दाम करड्या रंगात ठेवलं, कारण ऑस्लोला विरोध करणारे पॅलेस्टिनी गट तिथंच बसले होते.

आमच्या उदगीरच्या मुलांना रेघेचं मोल सांगायला लांब जावं लागत नाही. १९५६ पर्यंत उदगीर बीदर जिल्ह्यात. माझ्या आजोबांच्या शेताच्या जुन्या कागदावर अजून ‘जिल्हा बीदर’ आहे. तो कागद मी वर्गात नेते. एका मुलीनं विचारलं, “मग मॅडम, जेरिकोच्या माणसाला कोर्टकचेरीला कुठं जावं लागलं असेल?” इतका चांगला प्रश्न माझ्या वर्गात याआधी कुणी विचारला नव्हता.

आता उणिवा. लग्नसराईमुळं दुकानात बॅनरचा ढीग होता, त्यात माझं काम चार दिवस लांबलं आणि लातूरची एक खेप वाया गेली. मृत समुद्राला भूमध्य समुद्राचाच निळा दिलाय, वेगळा सांगितला होता. जॉर्डन नदीवरच्या पुलाची तिन्ही नावं, ॲलनबी, राजे हुसेन आणि करामा, एवढ्या बारीक अक्षरांत आहेत की जवळ जाऊनच वाचावी लागतात. डाव्या कोपऱ्यात लॅमिनेशन सुटू लागलंय; दाखवल्यावर मालकांनी पट्टी फुकट बदलून देतो म्हणून कबूल केलं.

जाणार असाल तर मार्गशीर्ष-वैशाखातल्या लग्नतिथी टाळा, नावं स्वतः सुवाच्य लिहून न्या आणि प्रूफ कागदावरच बघा. मी दुसऱ्या नकाशाचे दोनशे रुपये देऊन आलेय. त्यात गाझा-इजिप्त सीमेवरची १४ किलोमीटरची फिलाडेल्फी पट्टी हवी आहे, जिथं २००५ मध्ये इस्रायलनं गाझातून माघार घेतल्यानंतर इजिप्तनं ७५० सीमारक्षक उभे केले. या वेळी समुद्राचा रंग मी शेजारी बसून निवडणार आहे.